तलफ : बादशहांनाही न जुमानणाऱ्या काही मिनिटांचा इतिहास

१/
इ.स. १६१७. तंबाखूमुळे अनेकांच्या प्रकृतीवर आणि बुद्धीवर वाईट परिणाम होत असल्याचे पाहून मुघल बादशहा जहांगीराने ती ओढण्यास मनाई करणारा हुकूम काढला. इराणात शाह अब्बासनेही अशीच बंदी घातली होती. या दोन हुकमांच्या कात्रीत एक माणूस मात्र पुरता सापडला. त्याचे नाव मिर्झा बरखुरदार, किताब खान आलम. जहांगीराने इराणला पाठवलेला हा वकील. तंबाखूवाचून त्याला क्षणभरही चैन पडत नसे.

२/
इराणी वकील यादगार अली सुलतान याने ही अडचण शाहच्या कानी घातली. रागावण्याऐवजी शाहने उत्तरादाखल एक फारसी शेर लिहिला आणि मित्राच्या वकिलाला मोकळीक दिली. खान आलमनेही आभार शेरातूनच मानले. हा प्रसंग स्वतः जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. दोन साम्राज्यांचे हुकूम एका माणसाच्या तलफेपुढे नमले. तंबाखू सोडण्याच्या इतिहासातील मूळ प्रश्न या गमतीदार प्रसंगातच दडलेला आहे : वाईट आहे हे कळूनही ती सुटत का नाही?

३/
ही तंबाखू मुघल दरबारात पोहोचली होती ती दख्खनमधूनच. पोर्तुगिजांनी आणलेले हे अमेरिकन पान पश्चिम किनाऱ्यावरून आत सरकले होते. अकबराचा अधिकारी असद बेग कामानिमित्त विजापूरला गेला, तेव्हा त्याने ते प्रथम पाहिले. परतताना त्याने तंबाखू आणि एक रत्नजडित नळी सोबत नेली आणि ती बादशहापुढे ठेवली. हे साधारण इ.स. १६०४-०५ मधले. वृद्ध अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. इतक्यात शाही हकीम पुढे झाला आणि त्याने अधिक ओढू दिले नाही.

४/
हकिमाचा आक्षेप असा की, या वस्तूचा उल्लेख आपल्या वैद्यकग्रंथांत नाही. तपासल्याशिवाय ती बादशहाला कशी द्यावी? असद बेगचे म्हणणे उलट : ग्रंथांत नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही, प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीच असते. वादात असद बेगची सरशी झाली. अकबराने तंबाखू अंगीकारली नाही, पण अमीर-उमरावांनी मागून घेतली, व्यापाऱ्यांनी ती बाजारात आणली आणि अवघ्या बारा-तेरा वर्षांत अकबराच्या मुलाला बंदीचा हुकूम काढावा लागला. मग बंदीचाही उपयोग झाला नाही.

५/
जगभर हेच घडत होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आयातीवर जबर कर बसवला. ओढणाऱ्यांची तुलना त्याने जुन्या मद्यप्याशी केली होती. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यानेही १६२३ मध्ये नोंदवले की, तंबाखूची सवय जडलेल्याला तिच्यापासून आवरणे फार कठीण जाते. तुर्कस्तानात सुलतान चौथा मुराद याने तर १६३३ मध्ये थेट देहदंड ठेवला. तरीही लोक ओढत राहिले आणि सुलतानाच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच बंदी मागे पडली. तलवारीचे भय मोठे होते. तलफ मात्र अधिक जवळची होती.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तलफेला यंत्राचे बळ मिळाले. अमेरिकेतील जेम्स बोन्सॅक या तरुणाने १८८० च्या सुमारास सिगारेट वळण्याचे यंत्र तयार केले. कुशल कारागीर मिनिटाला चारेक सिगारेटी वळत असे. हे यंत्र दिवसाला एक लाखाहून अधिक वळू लागले. सिगारेट स्वस्त झाली, खिशात मावू लागली. तिचा धूर सौम्य असल्याने तो थेट छातीत ओढता येई आणि छातीत गेलेले निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. हुक्क्याला बैठक लागे. सिगारेटला एक काडी पुरत असे. पुढे पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या शिध्यातही गेली.

७/
व्यसन वाढले तशी सोडवणाऱ्यांची दुकानेही वाढली. अमेरिकेत लेस्ली कीली नावाच्या डॉक्टरने दारू, अफू आणि तंबाखू सोडवणारा ‘सुवर्णउपचार’ विकला. विसाव्या शतकात लोबेलिया या वनस्पतीतून काढलेल्या लोबेलिनच्या गोळ्या आल्या. त्या अनेक दशके विकल्या गेल्या आणि परिणामाचा पुरावा नसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ मध्ये अशा गोळ्यांची विक्री थांबवली. या साऱ्या उपचारांत एक समान उणीव होती. तलफ म्हणजे नेमके काय, हे कोणीच शोधले नव्हते. ती मनाची दुर्बलता आहे, असे सर्वांनी धरूनच ठेवले होते.

८/
पण मनाचा सर्वांत मोठा अभ्यासकही तिच्यापुढे हरला. सिग्मंड फ्रॉइड यांना १८९४ मध्ये हृदयाचा त्रास जाणवू लागला, तेव्हा त्यांचे डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करण्यास बजावले. फ्रॉइड यांनी काही आठवडे धूर वर्ज्य केला. त्या काळातील यातना अपेक्षेहून फार मोठ्या होत्या, असे त्यांनी मित्राला लिहिले. पुढे सिगार परतली. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. त्यानंतर सोळा वर्षांत तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम भाग बसवावा लागला. सिगार मात्र सुटली नाही. १९३९ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. स्वतःला न ओळखणारा म्हणून त्यांना कोण नावे ठेवील?

९/
तलफेचे मूळ शरीरात शोधण्याचे धाडस लेनॉक्स जॉन्स्टन या ब्रिटिश डॉक्टरने केले. त्याने स्वतःला आणि ३५ स्वयंसेवकांना निकोटीनची सुई टोचून पाहिली. धूम्रपान करणाऱ्यांना ती सुखद वाटली. स्वतः जॉन्स्टनला तर ८० सुयांनंतर सिगारेटपेक्षा सुईच बरी वाटू लागली आणि ती बंद होताच चुकल्याचुकल्यासारखे होऊ लागले. १९४२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. निष्कर्ष सरळ होता : माणूस धुराच्या नव्हे, निकोटीनच्या मागे धावतो. पण ते महायुद्धाचे दिवस होते. सिगारेट ही त्या काळी सैनिकाची सोबतीण होती. जॉन्स्टनकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१०/
युद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण झपाट्याने वाढलेले दिसले. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णालयांतून रुग्णांच्या मुलाखती घेण्यास आरंभ केला. डॉल यांचा पहिला संशय रस्त्यांवरील डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. माहिती जमत गेली तसे चित्र पालटले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी धूम्रपान न करणारे होते अवघे २. हा निबंध सप्टेंबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पण डॉल यांनी त्याआधीच, काम चालू असतानाच, स्वतःची सिगारेट सोडून दिली होती. आपल्याच आकडेवारीवर विश्वास ठेवणारा हा पहिला वाचक.

११/
सर्वांनाच ते वेळेवर साधले नाही. अमेरिकन शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त फुप्फुस संपूर्ण काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. ते स्वतः अट्टल धूम्रपानी. सिगारेटवरचा आरोप त्यांना प्रथम पटत नव्हता. अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याबरोबर केलेल्या अभ्यासाने त्यांचे मत बदलले. हा अभ्यासही १९५० मध्येच प्रसिद्ध झाला. पुढे ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली. पण जवळजवळ आयुष्यभराचा धूर आत साठला होता. १९५७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तो फुप्फुसाच्या कर्करोगानेच.

१२/
भारतात तंबाखूचे रूप निराळे होते. इथे सिगारेटपेक्षा विडी अधिक, आणि विडीइतकाच पानातला किंवा चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूचा बार. पाश्चात्त्य निबंधांत या बाराला जागाच नव्हती. ती उणीव मुंबईत भरून निघाली. टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी संघवी आणि राव या सहकाऱ्यांसह तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासला. त्यांचा निबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. धूर नसलेली तंबाखूही निरुपद्रवी नाही, हे रुग्णांच्या नोंदींतून सिद्ध करणाऱ्या आरंभीच्या कामांपैकी हे एक.

१३/
११ जानेवारी १९६४. अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी धूम्रपानावरील गाजलेला अहवाल सादर केला. शेअर बाजाराला धक्का बसू नये म्हणून मुद्दाम शनिवार निवडला होता. धूम्रपानाने कर्करोग होतो, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले होते. पण तलफेविषयी अहवाल डगमगला. तंबाखू ही ‘सवय’ आहे, अफूसारखे व्यसन नव्हे, असा त्याचा निर्वाळा होता. परिणामी लाखो लोकांना धोका कळला आणि सोडण्याची वाट मात्र कळली नाही. सवयच असेल तर ज्याने त्याने मनाने सोडावी, हाच त्याचा अर्थ निघत होता.

१४/
वाट शोधणारे काही जण मात्र दैनंदिन जीवनाकडे पाहत होते. त्याच सुमारास अमेरिकेत वेन मॅकफार्लंड हे डॉक्टर आणि एल्मन फोकेनबर्ग हे धर्मोपदेशक यांनी ‘पाच दिवसांची योजना’ सुरू केली. लोकांनी सलग पाच संध्याकाळी एकत्र यायचे. भरपूर पाणी प्यायचे, कॉफी आणि मद्य टाळायचे, जेवणानंतर नेहमीच्या खुर्चीत न बसता फिरायला जायचे आणि तलफ असह्य झाली तर जोडीदाराला फोन करायचा. या योजनेत एक खोल निरीक्षण होते. तलफ ही खुर्ची, कप आणि जेवणानंतरच्या त्या निवांत घटकेशी बांधलेली असते. खुर्ची बदलली की गाठ थोडी सैल होते.

१५/
शरीराच्या बाजूची गुरुकिल्ली सापडली ती समुद्राखाली. १९६७ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे क्लेस लुंडग्रेन यांनी हेल्सिंगबोर्गच्या एका औषध कंपनीतील आपले परिचित संशोधक ओव्हे फेर्न्यो यांना पत्र लिहिले. पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असते, तेव्हा तेथील धूम्रपानी नौसैनिक तोंडात धरायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांचे निभते, असे त्यांच्या ध्यानात आले होते. मग धूर आणि डांबर वगळून केवळ निकोटीन तोंडावाटे दिले तर? फेर्न्यो स्वतः भरपूर सिगारेटी ओढणारे. त्यांनी अनेक वर्षे खपून निकोटीनचे च्युइंगगम तयार केले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

१६/
या गममागचे रसायन मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. तोंडातील अस्तरातून निकोटीन रक्तात नीट शिरण्यासाठी तोंड काहीसे क्षारधर्मी असावे लागते. म्हणून गममध्ये सोड्यासारखा क्षार मिसळला गेला. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणारा शेतकरी हेच रसायन पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला होता. फरक हेतूचा. चुन्याने बाराला धार येई आणि बार आयुष्यभर चाले. गममधील निकोटीन मात्र हळूहळू झिरपते आणि आठवड्यागणिक कमी करत नेण्यासाठी असते. ज्या वाटेने तलफ आत आली, त्याच वाटेने तिला बाहेर आणण्याचा हा प्रयत्न होता.

१७/
दुसरी गुरुकिल्ली एका झाडात होती. युरोपात पिवळ्या घोसांचे लॅबर्नम नावाचे विषारी झाड आहे. ते दिसते आपल्या बहाव्यासारखे, पण बहावा निराळा. महायुद्धाच्या टंचाईत पूर्व युरोपातील सैनिकांनी तंबाखूऐवजी त्याची पाने ओढली, असे सांगतात. त्यातील सायटिसिन हे द्रव्य मेंदूत निकोटीनच्याच जागी जाऊन बसते. १९६४ पासून, म्हणजे अमेरिकेत तो अहवाल आला त्याच वर्षापासून, बल्गेरियात त्याच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. शीतयुद्धाच्या भिंतीपलीकडील हे औषध पश्चिमेला दीर्घकाळ जवळजवळ अपरिचित राहिले. त्याच द्रव्यावरून बेतलेले व्हॅरेनिक्लिन अमेरिकेत २००६ मध्ये आले.

१८/
१९८८ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने अखेर जुनी चूक दुरुस्त केली : निकोटीन व्यसन लावते आणि त्यामागील प्रक्रिया हेरॉइन-कोकेनच्या व्यसनासारख्याच आहेत. मराठी भाषेला हा बदल समजण्यास सोपा जावा. ‘व्यसन’ हा शब्द आज दुर्गुण सुचवतो. पण संस्कृतात त्याचा अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या अशाच ‘व्यसनां’विषयी आहे. दुर्गुण असेल तर माणसाला शिक्षा करावी लागते, संकट असेल तर साहाय्य. तंबाखूच्या इतिहासाला पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे यायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

१९/
साहाय्य करायचे तर तलफेचा स्वभाव जाणणे भाग होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तिला लाटेची उपमा दिली. लाट उठते, शिखर गाठते आणि किनाऱ्यावर फुटून ओसरते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यावर स्वार होऊन ती ओसरेपर्यंत तग धरावा. १९८५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. निर्धार केलेल्या माणसाला एक सिगारेट बुडवत नाही. त्यानंतर मनात येणारा ‘आता सगळेच संपले’ हा विचार बुडवतो. एकदा पाय घसरणे आणि दरीत कोसळणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

२०/
पण हे सारे ज्ञान दवाखान्यापासून दूर, विडी आणि बार यांत वाढलेल्या खेड्यांत उपयोगी पडेल का? त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी शोधले. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने केरळ, गुजरात आणि आंध्रच्या ग्रामीण भागांतील ३६,००० तंबाखूसेवकांचा पाठपुरावा केला. कार्यकर्ते घरोघर जात, तोंड तपासत, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलत. वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि चित्रपट यांचेही साहाय्य घेतले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : जिथे असे समजावले गेले तिथे अधिक लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली, आणि तोंडातील कर्करोगपूर्व पांढरे चट्टेही कमी उद्भवले. जे हुकमाला साधले नाही, ते दारात येऊन केलेल्या विचारपुशीला काही अंशी साधले.

२१/
चार शतकांच्या या अनुभवाचे सार आज थोडक्यात सांगता येते. निकोटीनची रक्तातील मात्रा सुमारे दोन तासांत निम्मी होते; म्हणून मागणी वारंवार येते. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता काही आठवड्यांत निवळते. एकेक तलफ मात्र बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरते पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागा बदलणे, हाताला काम देणे आणि ‘नंतर पाहू’ म्हणणे. एरवी दोष ठरणारी चालढकल इथे गुण ठरते. पानटपरीच्या वाटेऐवजी दुसरी गल्ली धरणे हाही उपचारच. गम वा गोळ्या हव्या असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारताची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे.

२२/
आणि या मिनिटांचे मोल? डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचा एक दीर्घ अभ्यास आरंभला होता. त्याचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे ३ वर्षे परत मिळवली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळपास दहाही. पन्नाशीच्या उंबरठ्याआधीच सिगारेट टाकलेला एक तरुण संशोधक नव्वदी ओलांडून स्वतःच हा हिशेब मांडत होता.

२३/
खान आलमच्या तलफेपुढे शाह अब्बासने काव्यातून माघार घेतली, त्याला चार शतके उलटली. त्या वकिलाला कोणी दुबळा म्हटले असेल, कोणी रसिक. त्याला होणारा त्रास शरीराचा आहे, तो थोड्याच वेळाचा आहे आणि त्याला उतार आहे, हे सांगणारे मात्र दोन्ही दरबारांत कोणी नव्हते. भारतात २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. २००९-१० मध्ये हे प्रमाण ३४.६ टक्के होते. ही घट बादशाही फर्मानांनी साधली नव्हती. तिच्यात कर, कायदे आणि इशारे यांचा वाटा आहे, आणि तितकाच वाटा आहे त्या असंख्य अनाम माणसांचा, ज्यांनी एकेक लाट ओसरेपर्यंत वाट पाहिली.